पुरवणी प्रश्न

सन १८९७ च्या जानेवारीच्या २८ तारखेस कलकत्त्यास व्हाइसरॉयांच्या कायदेकौन्सिलांत एक लहानसें बिल मांडण्यांत आलें आणि बरोबर एका आठवड्यानें, फेब्रुवारीच्या ४ तारखेस, त्याचा कायदा झाला. सांथीच्या रोगांसंबंधींचा १८९७ चा तिसरा कायदा तो हाच. त्याचीं कलमें अवघीं चार. पहिल्यांत कायद्याचें नांव व व्याप्ति; दुसऱ्यांत सांथ आवरण्यासाठीं अवश्य वाटतील ते नियम करण्याचा, प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयितांस इस्पितळांत किंवा अन्यत्र अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार; तिसऱ्यांत नियम मोडणारास शिक्षा; आणि चौथ्यांत, या कायद्यान्वयें सद्भावनेनें कांहींहि करणाऱ्या मनुष्यावर दावा अगर खटला चालणार नाहीं असें अभयवचन. एवढ्याशा कागदाच्या बळावर पुढील तीनचार महिन्यांत मुंबई इलाख्यांतील हजारों घरांचे उंबरठे सरकारी माणसांनीं ओलांडले.

बिल मांडणारे जॉन वुडबर्न यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता कीं, हे अधिकार असाधारण आहेत खरे, पण प्रसंगहि तसाच असाधारण आहे, आणि अशा वेळीं लोकांनीं अंमलदारांच्या विवेकबुद्धीवर विश्वास ठेविला पाहिजे. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलें. तींत दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वरसिंह आणि मुंबईचे रहिमतुल्ला महंमद सयानी हे हिंदी सभासद होते. कमिटीचा अहवाल ज्या दिवशीं आला त्याच दिवशीं थोडीशी चर्चा होऊन बिल मंजूर झालें. त्या कायद्याचा वैद्यकीय इतिहास सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. सांथीच्या दिवसांत सरकारच्या हातीं असाधारण अधिकार देऊन झाल्यावर कायदेमंडळाच्या सभासदाचें काम संपतें, कीं तेथूनच त्यास आरंभ होतो, एवढ्याच एका प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. आणि त्या विचारास पुण्याच्या १८९७ च्या हकीकतीइतकें बोलकें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

प्रथम सरकारची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें ग्रंथिक सन्निपाताचे रोगी ओळखले. रोग चीनच्या दक्षिणेकडून हाँगकाँगमार्गें आला असावा, हें बहुतेकांस मान्य होतें. ऑक्टोबरांत म्युनिसिपालिटीनें रोग्यांस सक्तीनें अलग करण्याचें फर्मान काढलें, तेव्हां गिरणीमजुरांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली आणि फर्मान सौम्य करावें लागलें. पुढील चार महिन्यांत लाखों लोक मुंबई सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर रोगहि रेल्वेनें गांवोगांव गेला. इकडे युरोपांतील बंदरें हिंदुस्थानचा माल अडविण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं; त्याच वर्षीं व्हेनिस येथें राष्ट्रांची आरोग्यपरिषद केवळ या प्रश्नासाठीं भरली. उपायांविषयीं डॉक्टरांत एकमत नव्हतें, वेळ थोडा होता, आणि व्यापाराची चिंता मोठी होती. अशा स्थितींत कायदा आठवड्यांत झाला याबद्दल त्यास दोष देणें बरोबर होणार नाहीं. घरास आग लागली असतां पाण्याच्या मालकीचा वाद कोणी घालीत नाहीं.

दोष घाईचा नव्हता. कायद्यांत काय होतें यापेक्षां काय नव्हतें, यांत तो होता. या अधिकारांची मुदत किती, हें त्यांत लिहिलेलें नव्हतें. या कायद्याखालीं झालेले नियम कौन्सिलापुढें ठेवावे, असें कलम नव्हतें. कोणत्या शहरीं किती घरें तपासलीं, किती माणसें हलविलीं, किती तक्रारी आल्या व त्यांचें काय केलें, याचा हिशेब कोणास द्यावा, हेंहि नव्हतें. चौथ्या कलमानें न्यायालयाचा दरवाजा बहुतांशीं बंद केला होता. न्यायालयाचा दरवाजा बंद असेल तर कायदेमंडळाचा तरी उघडा असला पाहिजे. परंतु तो किती उघडा होता हें कळण्यास त्या काळच्या कौन्सिलाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

१८९२ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कौन्सिलें थोडीं वाढविलीं. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, विद्यापीठ इत्यादि संस्थांनीं नांवें सुचवावींत आणि गव्हर्नरानें तीं नेमावींत, अशी रीत पडली; व्यवहारांत ती निवडणूक होती, पण कायद्यांत निवडणूक हा शब्द मुद्दाम घातलेला नव्हता. याच कायद्यानें सभासदांस दोन नवे हक्क मिळाले. अंदाजपत्रकावर त्यांना बोलतां येऊं लागलें, पण मत देतां येईना. आणि सरकारास प्रश्न विचारतां येऊं लागले, पण उत्तरावर ठराव आणतां येईना कीं मतें मागतां येईनात. प्रश्नाची सूचना आधीं लेखी द्यावयाची, अध्यक्षांस तो नको असल्यास नाकारावयाचा, आणि उत्तर मिळाल्यावर त्यावर चर्चा नाहीं. ज्यास आज आपण पुरवणी प्रश्न म्हणतों, त्यास त्या कौन्सिलांत जागाच नव्हती.

हा फरक वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यानें कधीं कचेरींत अर्ज दिला आहे त्यास त्याचें मर्म समजावून सांगण्याची जरूर नाहीं. पहिल्या प्रश्नास उत्तर देणें अंमलदारास कठीण नसतें. प्रश्नाची आगाऊ माहिती असते, उत्तर कारकुनानें लिहिलेलें असतें, आणि "चौकशी केली असतां तक्रारींत तथ्य आढळलें नाहीं" हें वाक्य सर्व प्रश्नांस पुरतें. चौकशी कोणी केली, कोणाची साक्ष घेतली, ज्यावर तक्रार होती त्यासच चौकशी करावयास सांगितलें होतें काय, हें दुसऱ्या प्रश्नानें उघड होतें. पहिला प्रश्न माहिती मागतो. दुसरा त्या माहितीस कसोटी लावतो.

आतां पुण्याकडे वळूं. फेब्रुवारीच्या मध्यास साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड हे सिव्हिलियन पुण्यास प्लेगच्या कामावर आले. रँड, मेजर पॅजेट व लष्करी डॉक्टर बेव्हरिज अशा तिघांची कमिटी बनली, आणि मार्चच्या १३ तारखेपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊं लागल्या. कामावर गोरे व देशी मिळून सुमारें नऊशें लष्करी लोक होते. कागदावरचे हुकूम पाहिले तर ते वाईट नव्हते: लोकांच्या धर्मसमजुतींस शक्य तों जपावें, स्त्रियांशीं मर्यादेनें वागावें, असें त्यांत सांगितलेलें होतें. परंतु ज्या सोल्जरास भाषा येत नाहीं, देवघर कोणतें व माजघर कोणतें हें कळत नाहीं, त्याच्या हातीं पडल्यावर हुकुमाचें काय होतें, हें पुण्याच्या वाड्यावाड्यांतून दिसूं लागलें. सोंवळ्यांतल्या स्वयंपाकघरांत बूट घालून शिरणें, सामानसुमान बाहेर काढून जाळणें, चीजवस्तु नाहींशा होणें, निरोगी माणसांस रोगी समजून नेणें, स्त्रियांस चारचौघांत उभें करून तपासणें, अशा तक्रारींनीं त्या वेळचीं मराठी वर्तमानपत्रें भरलेलीं आहेत. कमिटीचें म्हणणें असें कीं, तक्रारी अतिशयोक्तीच्या आहेत आणि खऱ्या ठरलेल्या थोड्या आहेत.

दोहोंपैकीं खरें कोणतें? येथेंच आपल्या विषयाचा गाभा आहे. तक्रार करावयाची तर ती कमिटीकडेच. कमिटीच्या वर गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, आणि गव्हर्नरांस माहिती पुरविणार ती पुन्हां कमिटीच. सरदार नातू बंधूंपैकीं बाळासाहेबांनीं सोल्जरांच्या वर्तनाविषयीं अधिकाऱ्यांकडे वारंवार तक्रारी नेल्या. पंडिता रमाबाईंनीं पुण्याच्या प्लेग इस्पितळांत स्त्रियांची कशी व्यवस्था आहे याविषयीं मुंबईच्या एका इंग्रजी पत्रांत लिहिलें. त्यांचें लिहिणें वस्तुस्थितीस सोडून आहे असें सरकारनें कळविलें. रमाबाई व नातू यांचीं मतें इतर बहुतेक बाबतींत एकमेकांपासून किती दूर होतीं, हें ज्यास ठाऊक आहे त्यास दोघांची तक्रार एकाच दिशेची असावी ही गोष्ट अर्थपूर्ण वाटेल. परंतु अर्थपूर्ण वाटणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. सिद्ध करण्याचें साधनच कोणाजवळ नव्हतें.

बाळ गंगाधर टिळक या वेळीं मुंबईच्या कायदेकौन्सिलाचे सभासद होते. १८९५ मध्यें मध्यभागांतील लोकल बोर्डांच्या वतीनें ते प्रथम कौन्सिलांत गेले होते. प्लेग आला तेव्हां पुण्यांतले कित्येक पुढारी गांव सोडून गेले. टिळक राहिले, त्यांनीं हिंदु लोकांसाठीं निराळें प्लेग इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला, आणि आरंभीं तर केसरींतून त्यांनीं लोकांस रोगनिवारणाच्या उपायांस साह्य करण्याविषयीं सांगितलें. म्हणजे ज्यास सांथीचा मुकाबला आंतून ठाऊक आहे, जो उपायांच्या विरुद्ध नसून उपायांच्या अंमलबजावणीविरुद्ध आहे, आणि जो कायदेमंडळाचा सभासदहि आहे, असा मनुष्य पुण्यांत हजर होता. देखरेखीसाठीं याहून योग्य सभासद कोणत्या देशास मिळाला असता? पण कौन्सिल वर्षांतून मोजके दिवस भरावयाचें, प्रश्न एकदांच विचारावयाचा, आणि उत्तर ऐकून खालीं बसावयाचें. साक्षीदार बोलाविण्याचा, कागद मागविण्याचा, कमिटीच्या अध्यक्षांस समोर बसवून विचारण्याचा अधिकार कोणत्याहि सभासदास नव्हता. सभासद टिळकांस जें करतां येत नव्हतें, तें संपादक टिळकांनीं केलें. कौन्सिलांत ज्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, तो वर्तमानपत्रांत अग्रलेख होऊन येतो. आणि अग्रलेखास उत्तर देण्याचें बंधन सरकारावर नसल्यामुळें प्रत्येक आठवड्यास त्याची धार वाढत जाते.

हिंदुस्थानांतील दरवाजे बंद असल्यावर तक्रार समुद्रापार गेली. गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां त्या वर्षीं विलायतेस गेले होते. वय ३१ वर्षांचें. पुण्याहून मित्रांचीं पत्रें त्यांस येत होतीं, आणि त्यांत दोन स्त्रियांवर सोल्जरांनीं अत्याचार केला व त्यांतील एकीनें आत्महत्या केली, असें लिहिलेलें होतें. हिंदुस्थानविषयीं आस्था असणाऱ्या पार्लमेंटच्या सभासदांपुढें, आणि जुलैच्या आरंभीं मँचेस्टर गार्डियन पत्राजवळ, गोखल्यांनीं ही हकीकत सांगितली. कॉमन्स सभेंत प्रश्न निघाला. तेथें मात्र दुसरा प्रश्न विचारण्याची रीत होती. परंतु ज्याविषयीं विचारावयाचें तें चार हजार मैलांवर घडलेलें. स्टेट सेक्रेटरी लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनीं मुंबईच्या गव्हर्नरांस तारेनें विचारलें, गव्हर्नरांनीं तारेनें साफ इन्कार केला, आणि तो इन्कार सभागृहांत वाचून दाखविण्यांत आला. आरोप ज्या कारभारावर होता, त्याच कारभाराचें उत्तर हें त्याचें खंडन ठरलें.

दरम्यान पुण्यांत जें होऊं नये तें झालें होतें. जूनच्या २२ तारखेस, महाराणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं, गणेशखिंडीहून परतत असतां रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले. रँड ३ जुलैस वारले. जुलैच्या २७ तारखेस टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलें, २८ तारखेस नातू बंधूंस १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनान्वयें चौकशीवांचून अटकेंत ठेविलें, आणि ३० तारखेस गोखल्यांची बोट मुंबईच्या बंदरास लागली. सप्टेंबरांत टिळकांस दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. दामोदर हरि चापेकर १८९८ त, आणि त्यांचे बंधु व सोबती १८९९ त फांशी गेले.

त्या खुनाचें समर्थन करण्याची येथें मुळींच इच्छा नाहीं, आणि तक्रारींस कौन्सिलांत वाट मिळाली असती तर तो टळलाच असता असेंहि छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. चापेकर बंधूंच्या मनांत प्लेगखेरीज इतरहि पुष्कळ राग सांचलेला होता. परंतु एवढें मात्र खरें कीं, जेथें गाऱ्हाणें ऐकण्याची सनदशीर जागा नसते, तेथें सनदशीर मार्गाचा उपदेश करणाऱ्यांच्या शब्दास वजन राहत नाहीं.

गोखल्यांचें पुढें काय झालें हें प्रसिद्ध आहे. बोटीवरच पोलिस अधिकारी त्यांस भेटले. पत्रें पाठविणारांचीं नांवें सांगणें म्हणजे मित्रांस संकटांत ढकलणें. न सांगावीं तर आरोपास पुरावा नाहीं. टिळक तुरुंगांत, नातू अटकेंत, अशा वेळीं कोणत्या घरची स्त्री अथवा कोणत्या घरचा पुरुष पुढें येऊन साक्ष देणार? गोखल्यांनीं ऑगस्टच्या आरंभीं जाहीर माफी मागितली: गव्हर्नरांची, प्लेगकमिटीची, आणि प्लेगचें काम केलेल्या सोल्जरांची. कॉमन्स सभेंतील हिंदी सभासद सर मंचरजी भावनगरी यांनीं त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. सर विल्यम वेडरबर्न यांनीं त्यांची बाजू घेतली. स्वदेशांत कित्येकांनीं त्यांस भित्रे म्हटलें. ही माफी गोखल्यांच्या जिव्हारीं लागली, आणि ती त्यांच्या चरित्रकारांच्या वादाचा विषय होऊन राहिली.

वाद घालणारांचें लक्ष बहुधा गोखल्यांनीं माफी मागावयास नको होती कीं हवी होती याकडे असतें. आम्हांस वाटतें, त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. त्या दोन स्त्रियांचें काय झालें? आरोप खरा होता कीं खोटा? उघड्या चौकशीनें तो सिद्धहि झाला नाहीं आणि खोटाहि ठरला नाहीं. सव्वाशें वर्षें उलटून गेलीं, तरी इतिहासकारास याहून अधिक कांहीं म्हणतां येत नाहीं. आरोप खरा असेल तर दोन कुटुंबांस न्याय मिळाला नाहीं, आणि त्यांचें दुःख एका पुढाऱ्याच्या माफीखालीं गाडलें गेलें. खोटा असेल तर शेंकडों सोल्जरांवर आणि खुद्द सरकारावर एक डाग कायमचा राहिला, जो पुसण्याची संधि सरकारनें स्वतःच दवडली. म्हणजे चौकशीचें साधन नसल्यामुळें नुकसान झालें तें उभयपक्षीं. देखरेख ही सरकारच्या विरोधकांची सोय आहे असा एक समज आहे. १८९७ चें प्रकरण असें सांगतें कीं, खोट्या आरोपापासून सरकारचें रक्षण करणारें तेंच एक साधन आहे. तारेनें पाठविलेल्या इन्कारावर पुण्यांतल्या एकाहि माणसाचा विश्वास बसला नाहीं. कौन्सिलाच्या चार सभासदांनीं, त्यांत दोन हिंदी, साक्षी घेऊन तेंच म्हटलें असतें तर पुष्कळांचा बसला असता.

ही उणीव केवळ न्यायाच्या दृष्टीची नव्हती. ती रोगनिवारणाच्या दृष्टीचीहि होती. झडत्या, धुलाई, विलगीकरण या सर्वांचा पाया असा होता कीं, रोग मनुष्यापासून आणि घाणेरड्या घरापासून पसरतो. १८९८ मध्यें कराचीस पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें दाखविलें कीं, रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळें होतो. हें मत सर्वमान्य होण्यास आणखी आठदहा वर्षें लागलीं. त्या ज्ञानाच्या अभावीं कोणास दोष देतां येत नाहीं. तथापि "इतकीं घरें धुतलीं, इतकीं माणसें हलविलीं, त्यानें रोग किती घटला?" हा साधा दुसरा प्रश्न कोणी अधिकारानें विचारला असता, तर उपायांच्या उपयोगाविषयींची शंका वर्षभर आधीं पुढें आली असती. १८९८ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारनें प्लेग कमिशन नेमलें. एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर त्याचे अध्यक्ष. कमिशनानें रोगाचें मूळ, लस व औषधोपचार यांचा विचार केला. हिंदी सभासद त्यावर एकहि नव्हता. तोंपर्यंत मुंबईस मार्च १८९८ मध्यें पुन्हां दंगा झाला होता, आणि सक्तीच्या झडत्यांचें धोरण सरकारनें हळूहळू सोडून दिलें होतें. जें शहाणपण प्रश्नोत्तरांनीं यावयाचें तें दंग्यांनीं आलें. पुढील तीन दशकांत हिंदुस्थानांत या रोगानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

गोखल्यांनीं या प्रकरणानंतर काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. १८९८ मध्यें पुण्यांत प्लेग पुन्हां आला, तेव्हां ज्या खात्यावरील आरोपाबद्दल माफी मागावी लागली त्याच कामांत ते स्वयंसेवक म्हणून राबले. १८९९ मध्यें ते मुंबईच्या कौन्सिलांत निवडून आले, आणि लवकरच वरिष्ठ कौन्सिलांत फेरोजशहा मेथांच्या जागीं गेले. मार्च १९०२ मधील त्यांचें अंदाजपत्रकावरील पहिलें भाषण प्रसिद्ध आहे. शिलकीचें अंदाजपत्रक पाहून सरकार संतोष मानीत असतां, दुष्काळानें आणि प्लेगनें गांजलेल्या देशांत ही शिलक म्हणजे जरुरीहून अधिक घेतलेला कर आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें. पुढें अनेक वर्षें ही शिलक शिक्षणाकडे व आरोग्याकडे लावावी, असा त्यांचा आग्रह राहिला. कोणाच्या पत्रावर विसंबावयाचें नाहीं, सरकारी कागदच हातीं घेऊन बोलावयाचें, ही त्यांची पद्धति १८९७ च्या जखमेंतून आली असें म्हणण्याचा मोह होतो. तसें सिद्ध करतां येणार नाहीं. पण कागदपत्रांवर सभासदाचा हक्क असणें म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें महागांत कोणी शिकलें नसेल.

१९०९ च्या सुधारणांनीं प्रश्न विचारणाऱ्या सभासदास पुरवणी प्रश्नाचा हक्क मिळाला आणि सार्वजनिक विषयांवर ठराव आणण्याची मोकळीक मिळाली. १९१९ नंतर पुरवणी प्रश्नाचा हक्क इतर सभासदांसहि आला. स्वतंत्र हिंदुस्थानच्या लोकसभेंत प्रश्नोत्तरांचा तास हा कामकाजाचा पहिला तास ठरला. सतरा वर्षांपूर्वीं जें मागणें उद्धटपणाचें वाटलें असतें, तें १९०९ मध्यें कायद्यांत आलें, आणि पुढें तर तें इतकें अंगवळणी पडलें कीं त्याची किंमत कोणास वाटेनाशी झाली.

ती किंमत आठवण्याचा प्रसंग २०२० सालीं आला. कोरोनाच्या सांथींत राज्यांनीं जे नियम काढले त्यांतील बरेचसे १८९७ च्या त्याच चार कलमांवर उभे होते, महाराष्ट्राचेहि तसेच. संसद मार्चच्या २३ तारखेस तहकूब झाली, दोन दिवसांनीं देशभर टाळेबंदी आली, आणि संसद पुन्हां भरली ती सप्टेंबरच्या १४ तारखेस. सांथीवर दोन्ही सभागृहांत चर्चा झाली, हें नमूद केलें पाहिजे. परंतु त्या अधिवेशनापुरता प्रश्नोत्तरांचा तास रद्द करण्यांत आला होता. प्रश्नांस लेखी उत्तरें तेवढीं मिळत होतीं. अशाच एका लेखी उत्तरांत, टाळेबंदींत आपापल्या गांवीं परततांना किती स्थलांतरित मजूर मृत्यु पावले याची नोंद ठेविलेली नाहीं, असें सरकारनें सांगितलें. उत्तर प्रामाणिक असेल. पण नोंद कां ठेविली नाहीं, ती ठेवण्याचें काम कोणाचें होतें, आणि नोंदच नाहीं तर भरपाई कशी देणार, हें तेथल्या तेथें मंत्र्यास विचारण्याची सोय त्या दिवशीं नव्हती. लेखी प्रश्न, लेखी उत्तर, आणि पुढें शांतता: १८९२ च्या कौन्सिलाची रीत सव्वाशें वर्षांनीं परत आली, ती मात्र स्वतःच्या लोकांच्या राज्यांत.

सांथींत सभा भरविणेंच धोक्याचें, मग देखरेख होणार कशी, असें कोणी म्हणेल. यास उत्तर त्याच वर्षीं न्यूझीलंडनें दिलें. मार्चच्या २५ तारखेस तेथील पार्लमेंट तहकूब होण्यापूर्वीं सभागृहानें एक कमिटी नेमली. सभासद ११, त्यांत बहुमत विरोधी पक्षांचें, आणि अध्यक्ष विरोधी पक्षाचे पुढारी सायमन ब्रिजेस. कमिटी दूरचित्रयंत्रावरून भरत असे, मंत्री व आरोग्याधिकारी यांस बोलावून प्रश्न विचारी, आणि सर्व कामकाज लोकांस घरीं बसून दिसे. पार्लमेंट पूर्ववत् सुरू झाल्यावर मे महिन्याच्या अखेरीस ती विसर्जित झाली. त्या देशाची वस्ती लहान, अडचणी निराळ्या; तुलना फार ताणूं नये. तथापि साधन किती साधें असतें हें यावरून दिसतें. आपल्याकडेहि साधन नव्हतें असें नाहीं: राज्यसभेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनें नोव्हेंबर २०२० मध्यें दिलेल्या अहवालांत खासगी इस्पितळांच्या अवाच्या सवा आकारणीवर आणि सार्वजनिक आरोग्यावरील अपुऱ्या खर्चावर स्पष्ट बोट ठेविलें होतें. अहवाल चांगला होता; पण बंद दाराआडच्या समितीच्या अहवालानें, समोरासमोर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचें काम होत नाहीं.

शेवटीं एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाहीं. सांथ वेगानें धांवते. अंमलदाराच्या मागें प्रश्न लावले तर त्याचा वेळ उत्तरें देण्यांत जाईल आणि रोगी मरतील. या आक्षेपांत तथ्य आहे, म्हणूनच अधिकार आधीं व हिशेब मागून अशी वांटणी करावी लागते. १८९७ च्या कौन्सिलानें अधिकार आठवड्यांत दिले, हें योग्यच केलें. हिशेबाचें कलम त्यांत घालावयास आणखी एक दिवस लागला असता. त्या एका दिवसाच्या बचतीपायीं पुण्यानें काय दिलें, तें वर आलेंच आहे: दोन अधिकाऱ्यांचे प्राण, चौघां तरुणांची फांशी, एकाचा तुरुंगवास, दुसऱ्याची माफी, आणि दोन स्त्रियांविषयींचें एक सत्य, जें आतां कधींहि कळणार नाहीं.

आजच्या सभासदाजवळ टिळकांपाशीं नव्हता तो हक्क आहे, आणि गोखल्यांस मिळाले नाहींत ते कागद मागण्याची सोय आहे. सांथ पुन्हां येईल, कायदाहि पुन्हां घाईनें होईल. त्या दिवशीं सभासदानें हात वर करून अधिकार द्यावेत; पण दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या जागीं हजर असावें, आणि पहिलें उत्तर मिळाल्यावर खालीं बसूं नये.